मंजुळाचे शिंपले

३ फेब्रुवारी २०१९

औरंगाबादहून पैठणपर्यंत एसटीत उभ्यानं आलो. लेकीनं चिकलठाण्याची चांगली नोकरी सोडली आणि गोदावरीत मोती पिकवायला निघाली. सहा महिने धुसफुसत होतो, आज पाहायला आलो. धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं, पलीकडं बगळे. देखणं आहे, नाही म्हणणार नाही. पण मोती कुठं दिसतात? पाण्यावर रिकाम्या बाटल्या, त्यांना टांगलेल्या जाळ्या, जाळ्यांत शिंपले.

गेल्या महिन्यात मंजुळानं एकेक शिंपला अलगद उघडून आत मणी बसवला. त्यावर मोती चढायला दीड वर्ष. "मिटलेला हाय तवर जित्ता, बाबा. आपणहून तोंड वासलं की मेला समजायचं." बचत गटातल्या अकरा बाया तिच्या हातावर विसंबून आहेत. मी म्हणालो, बघू.

४ फेब्रुवारी

मंजुळा कामानं शहरात. माझा धाकटा भाऊ मुंजाबा मेंढरं घेऊन याच बाजूला उतरलाय. कातरणीआधी मेंढरं धुवावी लागतात. जागा मीच दाखवली, जाळ्यांच्या जवळचीच — इथं उतार चांगला आहे म्हणून. तीस वर्षं कारखान्यात गेली, पण मेंढरू कसं धरायचं ते हात विसरले नाहीत. गोचिडाचं औषध चोळून एकेक पाण्यात बुडवलं. उरलेल्या औषधाची बादली मीच नदीत विसळली. फार दिवसांनी असं बरं वाटलं.

६ फेब्रुवारी

सतरा शिंपल्यांनी तोंड वासलं.

७ फेब्रुवारी

आज साठाच्या वर. मंजुळा सकाळपासून छातीभर पाण्यात. मेलेले वेचून बाहेर टाकते, नाहीतर बाकीचे नासतात.

गटाच्या प्रमुख मनकर्णाबाई काठावरून म्हणाल्या, "मणी बसवताना तुझा हात जड पडला असंल, पोरी."

"व्हय काकू. माझंच चुकलं असंल."

मी शेजारीच उभा. सकाळीच मुंजाबाच्या पालावर जाऊन औषधाचा डबा वाचून आलो होतो — नदी-नाल्यात टाकू नये, जलचरांस घातक. तरी खाली वाकून मेलेले शिंपले गोळा करत राहिलो. बाप म्हणवतो, आणि असला भित्रा!

८ फेब्रुवारी

सांगायचं ठरवून तीनदा काठावर गेलो, तीनदा ऊन-वाऱ्याचं बोलून परतलो. "नोकरी सोडलीस, पस्तावशील" — सहा महिने हेच ऐकवत होतो तिला. आता माझ्याच हातानं तिला पस्तावायला लावलं. उद्या दुपारी बायांची बैठक आहे. पुढं हे काम मंजुळाकडं ठेवायचं की नाही, ते ठरणार.

९ फेब्रुवारी

बैठकीआधी सांगून टाकलं. मंजुळा जाळीची गाठ सोडवत होती. तिनं मानही वर केली नाही.

"ठावं हाय, बाबा. शिंपले मेले त्या पहिल्याच दिशी जाळीत लोकर गवसली. कुणी बघायच्या आत मीच काढून टाकली."