बांधावरची कापूरफुटी

६ मे, मंगळवार
आठ दिवसांनी लिहितोय, वहीनं माफ करावं. गुडघा धरलाय. वडवणीहून धाकट्या बहिणीचा, शांताचा फोन. मुतखडा पुन्हा. म्हणाली, "दादा, तुझी कापूरफुटी धाड. मागच्या खेपेला तिच्यानंच उतार पडला." संध्याकाळी कसाबसा माळावर गेलो. झाडापुढं तांदूळ-सुपारी ठेवून, उद्या न्यायला येतो म्हणून सांगितलं. वडिलांची रीत. रान सगळं करपलंय, ही तेवढी चांदीसारखी उभी.

७ मे, बुधवार
सकाळी माळ चढवेना. माळाखाली शेत असलेल्या बबनच्या बांधावरचीच उपटली. आमंत्रण एकीला, नेली दुसरी. पानं जरा जास्तच पांढरी वाटली. उन्हानं असेल. पुडी बांधून नऊच्या एसटीत कंडक्टरजवळ दिली. मनाला बरं वाटेना.

८ मे, गुरुवार
पारावर बबन. "तात्या, माझ्या बांधावर कशाला वाकलता? तितं परवाच तणाचं औषध मारलंय."
म्हटलं, गवत तर जळालं नाही.
"लगेच जळतंय व्हय? औषध हाय, काडीपेटी न्हाई." सगळे हसले. मीही हसलो.
घरी येऊन फोन लावला. शांताच्या सुनेनं उचलला. "मामा, पुडी पोचली. आत्याबाई दळणाला गेल्यात. काई काम व्हतं का?"
"न्हाई, सहज केला."
सहज! जन्मभर गावाला पाला दिला, कधी कुणाचं वाईट झालं नाही. तोंडातून निघालंच नाही. तासाभरानं पुन्हा लावला, तर बंद.

९ मे, शुक्रवार
सकाळीही बंद. एसटीनं वडवणीला गेलो. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "म्हातारीला घेऊन बीडला दवाखान्यात गेलेत. पोटात लई कळ आलती." खड्याची कळ, का माझ्या पाल्याची? पाला घेतला होता का? तिला ठाऊक नाही. कोणता दवाखाना, तेही नाही. तिनं तिच्या फोनवरून लावून पाहिला. बंदच.
ह्याच वहीचं पान फाडून दाराखाली सरकवलं. दुसरं शेजारणीजवळ दिलं. काय लिहिलं ते इथं उतरवतो:
"शांता, पाल्यावर तणाचं औषध होतं. मला काल कळलं, तरी सांगितलं नाही. घेतला नसशील तर पुरून टाक. घेतला असशील तर डॉक्टरला खरं सांग, माझं नाव घेऊन सांग."
येताना माळावर गेलो. सुपारी तशीच झाडाजवळ पडलेली.
शांते, रागव, शिव्या दे, पण कुणाच्याही फोनवरून लवकर निरोप धाड.