कोपर कुणामुळे गेलं

बाबा,

माझं कोपर तुमच्यामुळे गेलं नाही. हे एक वाक्य तुम्हाला सांगायचं राहिलं, आणि ते न ऐकताच तुम्ही गेलात, त्याला आता अकरा वर्षं झाली. वाक्य काही अवघड नाही. नागपूरच्या शाळेत चौथीपर्यंत जेवढं मराठी शिकलो आणि पुढे इथे अमेरिकेत आल्यावर आईनं रविवारी डोळे वटारून जेवढं लिहून घेतलं, तेवढ्यात आरामात बसतं. तरी ते माझ्या तोंडातून निघालं नाही. का निघालं नाही, ते लिहायला आज बसलोय. हे पत्र पाठवणार कुठे, असं मात्र विचारू नका.

प्लेनोतल्या आपल्या पहिल्या घराचं मागचं अंगण अरुंद होतं, पण बॉल टाकायला लांबी बरोबर पुरायची. मी अकरा वर्षांचा, शाळेत कुणाशी काय बोलायचं ते कळत नाही, पण पोराला बॉल जोरात टाकता येतो एवढं खेळाच्या सरांच्या लक्षात आलेलं. तुम्ही ऑफिसातून येता, बॅग दारात टेकवता आणि इस्त्रीच्या पँटनिशी उपड्या बादलीवर येऊन बसता, हातात जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेला कॅचरचा जाडजूड ग्लोव्ह. तुम्ही कॉलेजच्या क्रिकेट टीमचे फास्ट बोलर. हात सरळ ठेवायचा, ही तुमची श्रद्धा. माझा पहिला बॉल बघून तुमचा चेहरा असा झाला, जणू घरातच चोर सापडलाय. "अरे, हा तर भट्टा आहे! कोपर वाकवून चक्क फेकतोयस. इथे कुणी नो-बॉल देत नाही का?" मी म्हटलं, "बाबा, इट्स बेसबॉल. असंच थ्रो करतात." पुढे कित्येक वर्षं तुम्ही बॉल झेलत राहिलात आणि मान हलवत राहिलात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईची हाक यायची, "अहो, पोळ्या गार होतायत, आणि त्याचं होमवर्क कोण करणार?" त्यावर तुम्ही दोन बोटं दाखवायचात, अजून दोनच. आणि खरंच दोनच असायचे. चाळीस बॉल झाले की तुम्ही बादली उचलायचात. मी कितीही गयावया केली तरी एकेचाळिसावा नाही. बाकीची मुलं दोन-दोन टीमकडून खेळत होती, तुम्ही मला एकीच्या पुढे जाऊ दिलं नाही. हे नीट लिहून ठेवतोय, कारण पुढे मी नेमकं हेच विसरायचं ठरवलं.

चौदाव्या वर्षी तुम्ही मला एकदाच खरे रागावलात. मॅचहून आल्यावर जेवताना मी पाण्याचा ग्लास डाव्या हातानं उचलला. आईच्या लक्षातही आलं नाही, पण तुमचा घास हातात थांबला. "हात दुखतोय?" "नाही." "ग्लास उजव्या हातानं उचल." मी उचलला आणि डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही ताट बाजूला सारलंत. "दुखलं तर सांगायचं. लपवायचं नाही. माझा खांदा मी असाच लपवला होता, एका फायनलसाठी. त्यानंतर मी कधी बोलिंग केली नाही, फक्त किस्से सांगत बसलो. परत लपवलंस तर उद्यापासून बादलीवर बसणार नाही." पुढचे तीन आठवडे तुम्ही मला बॉलला हात लावू दिला नाही.

विसाव्या वर्षी एका क्लबनं मला पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, म्हणून घेतलं आणि मी कॉलेज अर्धवट सोडलं. तुमच्या मित्रांची मुलं सॉफ्टवेअरमध्ये लागत होती. गणपतीला जमलं की कुणीतरी काकू विचारायच्या, "मग डिग्रीचं काय केलं त्यानं?" तुम्ही पुन्हा पुन्हा एवढंच म्हणायचात, "तो पिचर आहे." मी मात्र कसला पिचर? आमच्या धंद्यात सगळ्यात वरच्या लीगखाली पायऱ्या असतात. एका उन्हाळ्यात दोन पायऱ्या चढलो, दुसऱ्यात एक उतरलो, तिसऱ्यात जिथे होतो तिथेच घाम गाळत बसलो. बसमध्ये नऊ-नऊ तास, खोलीत चार जण, जेवण म्हणजे ब्रेडला काहीतरी लावलेलं. रोज सकाळी ऑफिसात पोचलात की माझे मॅचचे आकडे बघून तुम्ही फोनवर निरोप ठेवायचात. चांगला खेळलो असलो तर "काल मस्त झालं. जेवलास का?" आणि मार खाल्ला असला तर "काल मला बघायला वेळ झाला नाही रे. जेवलास का?" बघितलेलं असायचं, बाबा. मला कळायचं.

मी चोविसाचा असताना जूनमध्ये कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. तेव्हा मी वरच्या लीगच्या फक्त एक पायरी खाली होतो, आणि कुणालाही कधीही वर बोलावतील असं वारं होतं. ट्रेनर रोज विचारायचा, मी रोज हसून अंगठा दाखवायचो. गोळ्या खाल्ल्या, बाही ओढून घेतली, दात घासायला डावा हात वापरला. पाच आठवडे. सहाव्या आठवड्यात बोलावणं आलं.

तुम्ही आणि आई विमानानं आलात. पार वरच्या रांगेत बसला होतात, तरी आईची निळी साडी मला माउंडवरून, बॉल टाकायच्या उंचवट्यावरून, दिसली. सातव्या इनिंगला मला टाकायला सांगितलं आणि मी समोर आलेले तिन्ही बॅट्समन ओळीनं बाद केले. आयुष्यात तेवढीच दहा मिनिटं मी जे व्हायचं होतं ते होतो. बाहेर भेटल्यावर तुम्ही पाठीवर थाप मारलीत, म्हणालात, "छान. पण भट्टाच आहे," आणि हसलात. मग आई फोटो काढण्यात गुंतली होती तेव्हा हळूच विचारलंत, "प्रत्येक बॉलनंतर हात झटकत होतास. दुखतोय का?" त्या एवढ्या स्टेडियममध्ये ते फक्त एका माणसाला दिसलं होतं. मी म्हटलं, "नाही बाबा, हॅबिट आहे." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मान डोलावलीत. तुम्ही विश्वास ठेवलात.

अजून तीनदा टाकायला मिळालं. चौथ्या वेळी आतून काहीतरी तुटल्याचं मला स्पष्ट कळलं, आणि बॉल भलतीकडेच गेला. ऑपरेशन करून मनगटातला स्नायुबंध काढून कोपरात बसवला. ऑपरेशननंतर डॉक्टर, माणूस भला होता, तुमच्यासमोर म्हणाले की असलं एका दिवसात होत नाही, बरेचदा लहानपणापासून झिजत आलेलं असतं, घरी फार टाकायचा का हा? तुम्ही त्यांना बादलीचं सगळं सांगितलंत, चाळीस बॉलसुद्धा. ते "हं" म्हणाले. एवढंच, "हं".

परतताना हायवेवर तुम्ही गाडी उजव्या लेनमध्ये अगदी सावकाश चालवत होता, मागून लोक हॉर्न देत होते. "माझ्यामुळे झालं का रे?" तुम्ही रस्त्याकडे बघत विचारलंत. मला फक्त "नाही" म्हणायचं होतं. मी म्हटलं, "जाऊ द्या ना आता, बाबा." खिडकीकडे तोंड केलं आणि झोपेचं सोंग घेतलं. मला तुमचा राग आला होता, असलं काही नव्हतं. पण तुमचा दोष असला तर माझा नसतो, हा हिशेब मला त्या अर्ध्या मिनिटात सुचला आणि फार बरं वाटलं.

पुढचं वर्षभर तुम्ही मला व्यायामाला नेऊन सोडायचात. बर्फाची पिशवी माझ्याआधी तयार असायची. घरात बेसबॉल लावणं बंद केलंत, माझ्या हाताला हात लावायचंही बंद केलंत. एका सकाळी मी जिन्यावर होतो, तुम्ही आणि आई चहा घेत होता. तुम्ही म्हणालात, "मला त्या खेळातलं काय कळत होतं? आपलं क्रिकेट समजून पोराकडून टाकून घेतलं. हात खाल्ला मी त्याचा." आई म्हणाली, "असं काय बोलता, त्यानं तरी म्हटलंय का कधी?" तुम्ही म्हणालात, "नाही असंही म्हणाला नाही." मी जिन्यावरून परत वर गेलो. पाच महिन्यांनी ऑफिसच्या पार्किंगमध्ये तुमचं हृदय थांबलं. मी तेव्हा पुन्हा टाकायला लागलो होतो, दुसऱ्या गावात, सगळ्यात खालच्या पायरीवर. वेग परत आलाच नाही. तुमचे दिवस होऊन महिना झाला नसेल, एका दुपारी मॅनेजरनं खोलीत बोलावून दार लावून घेतलं. दार लावलं की क्लबनं सोडलंय, ते कळतं.

आता मी प्लेनोतच एका बंदिस्त हॉलमध्ये मुलांना पिचिंग शिकवतो. शनिवारी आईबाप बाजूला खुर्च्यांवर बसतात, आपलेही बरेच असतात. सगळे विचारतात, "सर, तुमचं कसं थांबलं?" आणि मी सांगतो. बाबा क्रिकेटवाले होते, लहानपणी अंगणात फार टाकून घेतलं, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. लोक चुकचुकतात. हे मी तुम्ही गेल्यानंतरच्या वर्षी पहिल्यांदा बोललो, अगदी सहज, आणि मग दर शनिवारी बोलत आलो. बादलीचा किस्सा तर मी रंगवून सांगतो, हशाही पिकतो. चाळीस बॉलचं सांगत नाही.

काल एका पुण्याच्या बापानं ते ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. आपल्या मुलाला म्हणाला, "चल, पुरे. हात दुखतोय का तुझा? खरं सांग." मुलगा म्हणाला, "आय अ‍ॅम फाइन, डॅड." त्या माणसानं तरी त्याची बॅग भरली आणि ते गेले. काल संध्याकाळपासून हा कागद समोर आहे.

पुढच्या शनिवारी सगळ्यांना खरं सांगेन, असं शेवटी लिहायचं ठरवून बसलो होतो. लिहवत नाही. तिथे सगळे मला दुर्दैवी समजतात, बाबा, आणि खरं सांगितलं तर मी नुसता खोटारडा उरतो. मला अजूनही दुर्दैवीच राहायला आवडतं.