पाच रेस्टॉरंट आणि माझा डबा

२२ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या हॉटेलांतले सगळे फूड अँड बेव्हरेज मॅनेजर लिहीत असणार, नाहीतर त्यांना एवढं सुचतं कुठून? तलासरीच्या हायवेला 'जलजंगल वॉटर पार्क अँड रिसॉर्ट'मध्ये मी सहा वर्षं त्याच पदावर आहे. थकलोय. पण लिहीन.
संकल्प पहिला: चिडायचं नाही. संकल्प दुसरा: घरचा डबा बंद. पाच रेस्टॉरंट आपल्या हाताखाली असताना माणसाने बटाट्याची भाजी का खावी? उद्यापासून आळीपाळीने एकेका ठिकाणी जेवणार.

२३ सप्टेंबर
नवरात्र. निम्म्या गेस्टना उपास. मेक्सिको जंक्शनमध्ये साबुदाणा टॅको सुरू केला. कल्पना माझी. एका काकांनी खाल्ला आणि विचारलं, खिचडी पापडात का भरलीय? फ्यूजन कळायला वेळ लागतो.
डबा खाल्ला. निलमने न विचारता भरून ठेवला होता. बायकोच्या हातचं टाकवत नाही. उद्यापासून नक्की.

२६ सप्टेंबर
सुरतच्या एका बाई भडकल्या. सोमवारी ड्रॅगन पॅलेस, मंगळवारी रोमन गार्डन, बुधवारी काठियावाडी दरबार, सगळीकडे एकच चव लागते म्हणाल्या. मी नम्रपणे सांगितलं, मॅडम, याला इंडस्ट्रीत कन्सिस्टन्सी म्हणतात. 
त्यांना आतली गोष्ट कशी सांगणार? किचन एकच आहे. हेड कुक शुक्रा सकाळी तीन ग्रेव्ह्या लावतो: लाल, पिवळी, पांढरी. लालमध्ये शेव घातली की काठियावाड, मका घातला की मेक्सिको, पास्ता घातला की रोम, कोबी घातला की चीन. हे व्यवस्थापन आहे. व्हरायटी ही भांड्यात नसते, मेन्यूकार्डात असते.
कॅप्टन्स डेक तेवढं वेगळं. अख्खं जहाज उभारलंय. वाढवणच्या किनाऱ्याची मासळी इथे तासाच्या आत येईल, पण आमचे मालक, शेठ, शुद्ध शाकाहारी. म्हणून तिथे पनीर पापलेट. शुक्रा पनीरला सुरीने खवले काढतो. खूप वेळ जातो त्यात.
डबा खाल्ला. ॲसिडिटी होती.

२९ सप्टेंबर
वापीहून शेठचा फोन. एक कॉन्ट्रॅक्टर पाचही रेस्टॉरंट चालवायला मागतोय. शेठ सोळा ऑक्टोबरला त्याला घेऊन जेवायला येणार, आणि त्या जेवणावर ठरवणार की डायनिंग माझ्याकडे ठेवायचं की त्याला द्यायचं. कंईक नवुं जोईए, मनिषभाई, म्हणाले. काहीतरी नवं हवं; इथलं, दुसरीकडे नसलेलं.
मी एका सेकंदात म्हटलं, रानथाळी. नवा तांदूळ, नवी काकडी, पाड्यावरची चव. स्वतःवरच खूश झालो. मी त्याच मातीतला माणूस. हे मला नाही जमणार तर कोणाला?

१ ऑक्टोबर
बाबांना फोन केला. सोळाला या, आईला घेऊन या, कॅप्टन्स डेकवर बसून जेवा. बाबा म्हणाले, कापणी आहे. मागच्या वेळी गुडघा होता, त्याआधी गाय व्यायची होती. सहा वर्षांत बाबांनी माझं रिसॉर्ट हायवेवरून, चालत्या टेम्पोतून तेवढं बघितलंय.
त्यांना वाटतं, पोरगा हाटेलात वाढपी आहे. एकदा, फक्त एकदा, त्यांनी आत येऊन खुर्चीवर बसावं आणि म्हणावं की बरं चाललंय तुझं. बाकी मला शेठकडून काही नको. हे वाक्य वाचून डोळ्यात पाणी आलं. थकव्यामुळे असेल.

५ ऑक्टोबर
गेटवर कडक मोहीम सुरू केली. बाहेरचं खाणं आत आणायला बंदी. गुजराती गेस्ट थेपले कुठे लपवतील सांगता येत नाही. आज एकाने स्विमिंग ट्यूबमध्ये लपवले होते. टेबल मांडून गार्ड रविनाला बसवलं आणि बजावलं, कोणी असो, साक्षात शेठ असो, डबा दिसला की काढून घ्यायचा आणि ज्याचा असेल त्याच्यासमोर ठेवून विचारायचं, तुमचं म्हणणं काय.
दुपारी तिने माझाच काढून घेतला. तिचं कौतुक केलं. मग तपासणीसाठी म्हणून परत घेतला. वांग्याचं भरीत होतं.

११ ऑक्टोबर
उधव्याच्या बाजूने नवा तांदूळ आला. काकड्याही आल्या. शुक्रा पोत्याला हात न लावता उभा. म्हणाला, साहेब, नवं हाय. वाघबारस झाली नाय अजून.
मला माहीत नाही का? आमच्या पाड्यावरही तोच नियम. वाघबारशीला देवांना दाखवल्याशिवाय नव्या पिकातलं काही तोंडात घालायचं नाही. लहानपणी वेलावरची एक काकडी चोरून चावली तर आईने दिवसभर बोलणं टाकलं होतं. पण तो पाडा, हे हॉस्पिटॅलिटी. शुक्राला म्हटलं, हॉटेलला वाघबारस नसते. तो म्हणाला, शिजवू आम्ही, पण... आणि थांबला. स्टाफला वाक्य पूर्ण करायचं ट्रेनिंग द्यायला हवं.

१३ ऑक्टोबर
आईचा फोन. बातमी पाड्यावर पोचली. आमच्याकडे नेटवर्क धड नसतं, पण बातम्यांना रेंज असते. नवं रांधतोस म्हणे? मी म्हटलं, गेस्ट खाणार, मी नाही.  ती म्हणाली, म्हंजे देवाच्या आधी शेठ जेवणार.
मी म्हटलं, आवाज तुटतोय. आवाज स्वच्छ येत होता.

१५ ऑक्टोबर
उद्या. सगळं तयार. पळसाच्या पत्रावळी. वेटरना भगवे फेटे, कारण ते काठियावाडी दरबारमध्ये पडून होतेच. मेन्यूकार्डावर पाड्यातल्या घरांच्या भिंतींवरच्या चित्रांतली नाचणारी माणसं छापून घेतली. संकल्प: उद्यापासून खरंच डबा बंद. निलमला तसं सांगितलं. ती म्हणाली, बरं, आणि कणीक भिजवायला गेली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
थोडक्यात लिहितो. जास्त लिहायची ताकद नाही.
शेठ आले. कॉन्ट्रॅक्टर आला, पांढऱ्या बुटांत. थाळ्या भरायच्या आधी मी किचनमध्ये शिरलो आणि सहज विचारलं, चव कोणी बघितली?  मग शुक्रा म्हणाला, कोण बघल, साहेब? वाघबारस तर उद्या. मी मदतनीस मिथुनकडे बघितलं, त्याने कढईकडे. बुधी काकडी चिरून हात धुऊन लांब उभी. सगळं किचन आमच्याच बाजूचं. तंदूरवाला एकटा गोरखपूरचा, तो दिवाळीला गावी गेलेला.
शुक्राने चमचा माझ्या हातात दिला. तुम्ही बघा, म्हणाला.
मी चमचा भातात घातला. वाफ नाकात गेली. घरचाच वास. आणि नेमकी त्याच क्षणी ॲसिडिटी उसळली. चमचा ठेवून दिला. म्हटलं, अंदाजाने बरोबर असेल. मोठे शेफ वासावरूनच ओळखतात.
आता कळतंय की चवळीच्या भाजीत मीठ पडलंय की नाही याची कोणालाच खात्री नव्हती, म्हणून प्रत्येकाने येताजाता थोडं थोडं टाकलं. डाळीत टाकलं असेल असं सगळ्यांनीच धरलं. त्यात पडलंच नाही.
शेठने चवळीचा एक घास घेतला. पाणी प्यायले. कॉन्ट्रॅक्टरचंही पाणी प्यायले. मग शांतपणे विचारलं, मनिषभाई, तुम्ही चाखलं होतं? मी ॲसिडिटीचं सांगितलं. ते म्हणाले, बरं, मग रोज आपल्या कुठल्या रेस्टॉरंटमध्ये जेवता?
मी उत्तर देणार, इतक्यात रविना आली आणि माझा डबा टेबलावर माझ्यासमोर ठेवला. निलमने सवयीप्रमाणे बसवाल्याकडून पाठवला होता. गेटवर सापडला सर, बाहेरचं खाणं आहे, तुमचं म्हणणं काय, म्हणाली. शब्दाला शब्द मी शिकवलेले.
शेठने डबा उघडला. मेथीची भाजी, चपाती, लोणचं. खाल्लं. कॉन्ट्रॅक्टरला चतकोर दिला. चांगलं आहे, म्हणाले. एवढंच म्हणाले.
तरी बघायला गेलं तर शेठना माझं जेवण आवडलं असंच म्हणावं लागेल.

१७ ऑक्टोबर, वाघबारस
रजा टाकून पाड्यावर गेलो. पूजा झाली. आईने पहिला घास देवांचा काढला, मग माझ्या पानात नवा भात वाढला, पानात गुंडाळून उकडलेल्या काकडीच्या सावेल्या वाढल्या. मी मागून मागून खाल्लं. ॲसिडिटीचं नाव नाही. आईने विचारलं, काल खाल्लंस का? नाही म्हटलं. तिने डोक्यावरून हात फिरवला. मी शेठच्या निर्णयाबद्दल बोललोच नाही.
बाबा आपणहून म्हणाले, कापणी उरकली, आता येतो एकदा तुझ्याकडं. सहा वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते आत्ताच यायचं होतं.

२३ ऑक्टोबर
ऑर्डर आली. पाचही रेस्टॉरंट कॉन्ट्रॅक्टरकडे. मला काढलेलं नाही. नवं पद आहे: एंट्री फूड कंट्रोल. म्हणजे गेटवरचं टेबल. रविनाला आत तिकीट खिडकीवर बढती. शेठ म्हणाले, बाहेरचं खाणं तुमच्याइतकं कोणाला कळत नाही. यात मला आदर जाणवला.
कॉन्ट्रॅक्टरची पहिली नोटीस: स्टाफचे डबेही बंद, सगळ्यांनी रेस्टॉरंटमध्येच जेवायचं. म्हणजे संकल्प दुसरा आपोआप पुरा होणार. आज रोमन गार्डनचा पास्ता खाल्ला. पहिल्यांदाच. सुरतच्या बाईंचा नाव-पत्ता कुठे मिळाला तर एक माफीचं कार्ड पाठवावं म्हणतो.

२६ ऑक्टोबर, रविवार
दिवाळीची गर्दी. पाय दुखतायत. टेबलावर ढीग लागला: थेपले, खाखरे, सुखडी, ढोकळा, चकल्या, बोर्डीकडच्या एका कुटुंबाच्या चिकूच्या फोडी, कोणाची तरी पुरणपोळी, वसईच्या मंडळींचे तळलेले बोंबील.
अकराच्या सुमारास रांगेत बाबा दिसले. धुतलेला सदरा. मागे आई, हातात फडक्याचं गाठोडं. फोन करून आले असते तर मी आज आजारी पडलो असतो.
नियम म्हणजे नियम. गाठोडं उघडलं. सावेल्या, उकडलेली चवळी, भाकरी. बाहेरचं खाणं. आई म्हणाली, तुझ्यासाठीच हाय. मी काढून घेतलं, आणि दोघांना टेबलामागे सावलीत खुर्च्या दिल्या.
तिथेच बसून तिघं जेवलो. आईने थेपला मोडून बघितला, चांगला हाय म्हणाली. बाबांनी दोन बोंबील घेतले, मग सुखडी, मग परत बोंबील. आतून ड्रॅगन पॅलेसच्या लाल ग्रेव्हीचा वास येत होता. तिकडे त्यांनी मान वळवली नाही.
हात पुसून बाबांनी विचारलं, या समद्यातलं तुझं हाटेल कुठलं? मी आत बोट दाखवणार होतो. पाच बोर्ड दिसत होते, जहाजाची शिडं दिसत होती. बोट निघालं नाही. टेबलावर हात ठेवला आणि म्हटलं, हे.
बाबांनी टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघितलं. म्हणाले, बरेच परकार ठेवतोस की. बरं चाललंय तुझं.
मग रांगेतल्या एका बाईंची पिशवी त्यांनी स्वतःच उघडली आणि विचारलं, आत काय हाय?