कावेरी घरी आली

इस्लामपूर,
दि. ४ नोव्हेंबर २०२४

चि. अंकिता हिस आबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पाकीट पोहोचले. तुझ्या ब्लॉगास येत्या चोवीस तारखेस पाच वर्षे पूर्ण होत असून त्यानिमित्त साताऱ्यात कार्यक्रम योजिला आहेस, हे वाचून आनंद झाला. मोबाइलवर मला वाचवत नाही म्हणून लेख कागदावर छापून पाठवतेस, याचेही समाधान आहे.

परंतु एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आजवरचे एकशे चार लेख मी क्रमाने लावून पुन्हा वाचले. प्रत्येकात आजी आहे. आजीस अमुक पुस्तक कसे वाटले, आजी कोणत्या पानावर रडली, आजी कोणत्या नायकास मूर्ख म्हणाली. माझा उल्लेख एकदाच आहे, तोही चष्मा हरवल्याबद्दल. तुझ्या आजीस अक्षरओळख नाही. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसते आणि मी तिला वाचून दाखवतो. चाळीस वर्षांहून अधिक काळ दररोज दुपारी हा क्रम चालू आहे. माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंतचे. परंतु मी एक काना चुकीचा वाचला असे कोणी दाखवून द्यावे.

गेल्या रविवारी शिराळ्याहून दोन मुली आजीबरोबर फोटो काढण्यास आल्या. त्यांनी मला खुर्ची जरा बाजूस घेण्यास सांगितले. मी घेतली. तुझा फोन येतो तेव्हाही मी उचलला, तर तू प्रथम आजी कुठे आहे असेच विचारतेस. त्यात आता तुझ्या आजीचा, म्हणजे साळूबाईंचा, शाल-श्रीफळ देऊन सत्कार होणार आणि आबांनी सोबत यावे, असे तू लिहितेस. सोबत म्हणजे पिशवी धरण्यास, असे मी समजतो. येण्याचे अद्याप ठरविलेले नाही.

ऊसतोड पुढील आठवड्यात आहे. तुझ्या वडिलांचे लष्करातील युनिटमधून पत्र नाही. तू प्रकृतीस जपावे. आमचा लोभ आहेच, तुझाही असू द्यावा.

तुझा आबा,
हंबीरराव


सातारा,
दि. ९ नोव्हेंबर २०२४

ती. आबांस, अंकिताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचे पत्र आले. लिफाफा उघडण्याआधीच गरम लागत होता. आबा, चूक माझीच आहे. आजी दर गुरुवारी फोनवर जे सांगते ते मी लिहिते, आणि आजी तुमचे नाव कधी घेत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. “परवा वाचून झालं”, “काल आयकलं” एवढेच म्हणते. कोणी वाचले ते तिला सांगायचे नसते आणि मलाही विचारायचे सुचले नाही. ब्लॉगच्या वाढदिवसाच्या लेखात तुमच्याबद्दल लिहायचे हे पक्के केले होते. पण मध्येच एक अडचण उभी राहिली आहे.

माझा सर्वांत जास्त वाचला गेलेला लेख कावेरी नावाच्या मुलीच्या कादंबरीवरचा. आजारी कावेरीला शहराच्या दवाखान्यात नेतात, आणि शेवटी ती संध्याकाळच्या एस.टी.तून उतरते, उंबऱ्यात उभी राहून आईला म्हणते, आधी भाकरी दे, मग विचार काय विचारायचं ते. या वाक्यावर शेकडो लोकांनी मला लिहिले. आता सांगलीच्या एका बाईंनी कळवले आहे की ती जुनी कादंबरी त्यांच्याकडे आहे आणि कावेरी दवाखान्यातच मरण पावते. उंबरा नाही, भाकरी नाही. वयामुळे आजींना विसर पडत असावा, असे त्यांनी लेखाखाली सर्वांना दिसेल असे लिहिले. त्याखाली आणखी काहींनी हसरी चिन्हे टाकून दुजोरा दिला. त्या बाई कार्यक्रमालाही येणार आहेत.

आजीला मी अजून काही विचारलेले नाही. या गुरुवारी विचारू का? तुम्हाला काही आठवते का? तुमची आठवण पक्की असते म्हणून आधी तुम्हाला लिहिले. रागवा, पण या.

तुमची,
अंकिता


इस्लामपूर,
दि. १३ नोव्हेंबर २०२४

चि. अंकिता हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आजीस काहीही विचारू नये. हे पत्र आजच स्पीड पोस्टाने पाठवीत आहे, उद्या गुरुवार असल्याने फोनवरही तेवढेच सांगेन.

तुझी आत्या माया हिच्याविषयी घरात बोलले जात नाही. ती अकरा वर्षांची होती. ती आजारी पडली तेव्हा कावेरीची कादंबरी निम्मी वाचून झाली होती. मायास आम्ही सांगलीस नेले आणि तिच्याविना परत आलो. दोन महिने घरात पुस्तक उघडले नाही. मग एका दुपारी तुझी आजी शेंगांचे सूप घेऊन समोर बसली आणि म्हणाली, “आवं, त्या पोरीचं म्होरं काय झालं?”

मी उद्या वाचतो म्हणालो. शेवट आधी शेतात एकट्याने वाचून पाहिला. दुसऱ्या दिवशी पुस्तक समोर धरले, पाने उलटली, आणि त्यात नव्हते ते वाचले. एस.टी. माझी आहे. भाकरीचे वाक्यही माझे आहे. तुझ्या आजीने सूप खाली ठेवले आणि बऱ्याच दिवसांनी चूल वेळेवर पेटवली.

ते वाक्य शेकडो लोकांस आवडले, हे तुझ्या पत्रातून मला प्रथम कळले. ते मी चार वेळा वाचले. त्याखाली माझे नाव असावे असे मला वाटले, अजूनही वाटते. आजीचा हेवा वाटतो, तो या वयात जाणार नाही.

तरीही तू पुढीलप्रमाणे छापावे: “आजींची आठवण शाबूत आहे. त्यांना ही कादंबरी हंबीरराव यांनी वाचून दाखवली होती. त्यांचे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंत झाले असल्याने शेवट वाचण्यात त्यांची चूक झाली.” नाव पूर्ण घालावे. सांगलीच्या बाईंस कार्यक्रमाआधी फोन करून, आजीसमोर हा विषय काढू नये अशी विनंती करावी. खरे तुझ्यापाशी ठेवावे.

आम्ही दोघेही चोवीस तारखेस येत आहोत. सत्कार तिचाच व्हावा. मला पुढच्या रांगेत खुर्ची ठेवावी, ती कोणी बाजूस घेण्यास सांगू नये.

लेख नेहमीप्रमाणे छापून पाठवावा. तिला तो मीच वाचून दाखवीन. आहे ती माया अशीच ठेवावी, ही इच्छा.

तुझा आबा,
हंबीरराव