सहा अंडी

१२ फेब्रुवारी
वही आणून वीस दिवस झाले. रोज उद्यावर ढकलतेय. आधी पेन नव्हतं, मग पेन होतं तर मूड नव्हता. खोटं! दादाबद्दल लिहावं लागेल म्हणून टाळत होते.

तर लिहून टाकते. चार वर्षांपूर्वी दादाला आईच्या जागी भलतंच कुणीतरी दिसलं आणि त्याने तिच्यावर सुरी उचलली. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं अजून वाकत नाहीत. कोर्टाने त्याला तुरुंगाऐवजी कुलूपबंद मनोरुग्णालयात पाठवलं. मी तेव्हा टुरिस्ट बसवर तिकिटं फाडत हिंडत होते. आत्ताही हिंडलेच असते, पण आई म्हणाली, "एकदा तरी चल गं माझ्याबरोबर."

१७ फेब्रुवारी, शनिवार
गेले. गेटवर फोन, पट्टा, केसांची पिन, सगळं ठेवून घेतात. आईने दादाच्या पायजम्यांच्या नाड्या काढून इलास्टिक घातलंय – नाडी चालत नाही. गेटवरचा मिशीवाला विचारतो, "काय मावशी, आज किती?" "सहाच!" उकडलेली अंडी, सोलून, पारदर्शक पिशवीत. त्याची मिशी एका बाजूला लांब आहे. ती बघता बघता मी फॉर्मवर नाव चुकवलं.

आज एक जास्तीचा कागद होता. दादाला दोन तास घरी आणायचंय, ज्यांना इजा झाली त्यांची हरकत आहे का? खाली, आईवडिलांची संमती. "दोन्हीकडे मीच," आई हसली. दोन सह्या केल्या.

दादा छान बोलला. "काय भटकभवानी, वाट चुकलीस?" मला वाटलं, हा तर ठणठणीत! दोन अंडी खाल्ली, चार परत सरकवली.

निघताना आई सिस्टरजवळ गेली. हळूच म्हणाली, "तो गोळ्या घेत नाहीये. गोळ्यांनी त्याला वखवख सुटते. एरवी सहाच्या सहा संपवून पिशवीत बघतो, आज दोनच खाल्ली."

१८ फेब्रुवारी
सिस्टरचा फोन. दादाच्या उशीच्या अभ्र्यात सतरा गोळ्या सापडल्या. घरी यायची रजा रद्द.

आईवर ओरडले – "सही पण तूच करायची, चुगली पण तूच!" ती भांडी घासत राहिली. डाव्या हातात ताट धरता येत नाही, पोटाला टेकवून घासते. हे मी कधी बघितलंच नव्हतं.

२४ फेब्रुवारी
दादाने भेट नाकारली. "तिला सांगा, येऊ नको." आई आतल्या अंगणातल्या बाकावर भेटीचा पूर्ण तास बसली. पिशवी सिस्टरकडे दिली.

२ मार्च
परत तेच. बाक.

१० मार्च
विचारलं शेवटी. "तो भेटत नाही तर जातेस कशाला?"

"त्याच्या खिडकीतून बाक दिसतो की नाही, मला माहीत नाही. दिसत असला तर?"

"भीती नाही वाटत त्याची?"

"वाटते की! म्हणून तर अंडी मोजते."

मग म्हणाली, पंखा पुसून टाक, तुझा हात पोचतो. पुसला.

बसवाल्याचा फोन आला होता. नवा मार्ग निघालाय, कधी येतेस? शनिवार झाला की बघू म्हटलं. कोणता शनिवार, ते नाही सांगितलं.

२३ मार्च, शनिवार
पटकन लिहिते. आई एकटीच बाकावर बसायला गेली, मी आळसाने घरी. दार वाजलं. दूधवाला म्हणून उघडलं, तर दादा! मागे वॉर्डमधला अटेंडंट, साध्या कपड्यांत.

"गोळी गिळून तोंड उघडून दाखवतो आता, रोज. आज पहिली रजा मिळाली," अटेंडंट म्हणाला. "मागच्या गेटने निघालो. मावशींचा फोन लागत नाहीये." लागेल कसा? पुढच्या गेटवर पडलाय!

दादा उंबऱ्याबाहेरच उभा. आत पाऊल टाकेना. "आई?"

"तुझ्या खिडकीखाली."

मग म्हणाला, "अंडी आहेत का गं? फार भूक लागलीय."