पडद्यावर नसलेलं वाक्य

आबा, मागच्या आठवड्याचा निकाल तुमच्यामुळे चुकला. संपादकांना मी तसं सांगितलं, वाचकांनाही सांगितलं, तुम्हाला तेवढं सांगायचं राहिलं.

तुम्ही गेलात तेव्हा मी परकर-पोलक्यात होते. त्यानंतर दुसरी लढाई होऊन गेली, स्वराज्य आलं, आणि मी आता सांगलीत मुलींच्या शाळेत शिकवते. इथल्या एका साप्ताहिकात एक खेळ माझ्याकडे सोपवलेला आहे. दर आठवड्याला कुठल्या तरी मराठी बोलपटातलं एक वाक्य छापायचं, वाचकांनी बोलपट ओळखून कार्ड टाकायचं, पुढच्या अंकात मी निकाल द्यायचा. बरोबर कार्डांतून चिठ्ठी काढून एकाला थेटरचे पास देतात. पासापेक्षा अंकात नाव येण्याची हौस मोठी, आणि त्यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात. म्हणून मी प्रत्येक वाक्य आधी थेटरात बसून ऐकते, बरोबरच्या शिक्षिकेला ऐकायला लावते, आणि तरीही अंक हातात येईपर्यंत मला चैन पडत नाही. संपादक म्हणतात, "बाई, हा खेळ आहे, कोर्टातली साक्ष नव्हे." त्यांना काय सांगू? मी शाळेत जायच्या आधी तुमच्याकडे शिकले.

उंब्रजचं आपलं स्वयंपाकघर मला लख्ख दिसतं. आई भाकरी थापते आहे, तुम्ही उंबऱ्यावर बसून पलटणीतल्या आवाजात शुद्धलेखन सांगता आहात, आणि मी जात्याशेजारी पाटी घेऊन बसले आहे. तुम्ही सांगितलंत, "गाय गोठ्यात उभी आहे." मी लिहिलं, पांढरी गाय गोठ्यात उभी आहे. तुम्ही पाटी उचलून आईपुढे धरलीत. "हे बघ. मी पांढरी म्हनलो व्हतो का?" आई तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "आवं, पन हाय की पांढरी." "हाय. पन मी म्हनलो न्हाई." मग माझ्याकडे वळलात. "ऐकलं तेवढंच लिवायचं. मनातलं घालायचं न्हाई." मला पाटी पुसायला लावलीत. त्या दिवसापासून कुठलाही शब्द कागदावर उतरवताना मला वाटतं, तुम्ही मागून पाहता आहात.

आणि तरी हे एक वाक्य मी न तपासता दिलं, कारण ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. दोन भावांचा तो बोलपट तुम्हाला आठवत असेल. धाकटा भांडून, गाठोडं उचलून घर सोडतो आणि आई त्याला म्हणते, "जा. दार उघडंच आहे." आपल्याकडे बोलपटाचा तंबू लागला होता तेव्हाचं ते वाक्य इतकी वर्षं माझ्याजवळ होतं. मी फक्त 'हाय'चं 'आहे' केलं. इतकं साधं शुद्धलेखन करताना मला जराही शंका आली नाही, याचं आता नवल वाटतं.

कार्डं आली. उंब्रजची बरोबर, कराडची बरोबर, थेट मेढ्याचीही बरोबर. मेढ्याच्या एका बाईंनी तर खाली लिहिलं होतं, "ती आई आसं बोलली तवा आमी समद्या रडलो." सांगली-मिरजेचं मात्र एकही कार्ड बरोबर नाही. निकाल छापला आणि दुसऱ्याच दिवशी कापडाचे एक व्यापारी कचेरीत आले. हे जैन गृहस्थ पहिल्यापासून खेळात आहेत, आणि हरले की हसत हसत टोचतात. "बाई, तुमचं माहेर उंब्रजचं न्हवं?" मी हो म्हटलं. "मग बराबर. माहेरच्यांना उत्तर घरपोच, आन् आमी हितं डोकं खाजवायचं. मी त्यो बोलपट तीनदा बघितलाय. आसलं वाक्य त्यात न्हाई." संपादक माझ्याकडे पाहू लागले. माझ्याजवळ आहे काय, आबा? खरं लिहिते एवढी एक ओळख. ती गेली असती तर खेळ गेला असता, आणि शाळेतही कुजबूज झाली असती.

तो बोलपट त्या आठवड्यात मिरजेला पुन्हा लागला होता. संपादक, ते व्यापारी, मी आणि बरोबरची शिक्षिका, असे आम्ही गेलो. व्यापारी शेंगा सोलत बसले होते. धाकट्यानं गाठोडं उचललं तसे त्यांचेही हात थांबले. पडद्यावरची आई दारापर्यंत आली, तिनं पदर तोंडाला लावला आणि मान फिरवली. नुसती सारंगी वाजत होती. मुलगा निघून गेला. व्यापारी माझ्याकडे वाकून म्हणाले, "बाई, ही तर गप्पच हाय. मग बोललं कोन?"

त्याच क्षणी मला तंबू आठवला. भोंगा नुसता खरखरतो आहे. पुरुष पुढे, बायका पार मागे, आणि त्यांना काही ऐकू येत नाही म्हणून तंबूवाल्यानं तुम्हाला पडद्याच्या कडेला उभं केलं आहे. पलटणीतल्या हवालदाराचा आवाज. पडद्यावरच्या माणसांचं पुस्तकी बोलणं तुम्ही उंब्रजच्या बोलीत मागे पोचवता आहात. आई मान फिरवते, आणि मागून एक बाई विचारते, "आवं, काय म्हनली ती?" तुम्ही गप्प. दुसरी ओरडते, "सांगा की वो, काय म्हनली?" तुम्ही पडद्याकडे पाहता. मग म्हणता, "म्हनली, जा. दार उघडंच हाय." मागून हुंदके ऐकू येतात. त्याच उन्हाळ्यात तंबूवाला तुम्हाला कराडला आणि मेढ्याला घेऊन गेला होता.

बाहेर आल्यावर मी त्यांना हे सगळं सांगितलं. व्यापाऱ्यांनी अंगावरची शेंगांची टरफलं झटकली. "म्हंजे आमी तुमच्या वडलांच्याकडून हरलो म्हना की," ते म्हणाले. मग स्वतःशीच म्हणाले, "पन ती बोलली आसती तर हेच बोलली आसती."

संपादकांचं म्हणणं, मुद्रणदोष म्हणून दोन ओळींत मिटवू. मी नको म्हटलं. मी लिहिलं की हे वाक्य बोलपटात नाही, म्हणून मागचा निकाल रद्द. सांगलीकरांनी बरोबर पाहिलं. उंब्रज, कराड, मेढ्याच्या लोकांनीही बरोबर ऐकलं. वाक्य माझ्या वडिलांचं आहे. आणि पुढे तुमचं पूर्ण नाव दिलं, हुद्द्यासकट. अंक निघाल्यावर शाळेत शिपायानं विचारलं, "हे हवालदार तुमचे कोन?" मी वडील म्हटलं ते इतक्या मोठ्यानं की वर्गातल्या मुली वळून बघू लागल्या. लाज वाटली नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, हे मला कळतं. तरी एक सांगते. तंबूतली आणखी कितीतरी वाक्यं माझ्याजवळ आहेत, सगळी तुमच्याच आवाजात. त्यांतली पडद्यावरची कुठली आणि तुमची कुठली, मला सांगता येणार नाही. खेळात ती द्यायची नाहीत, हे ठरवलं आहे. पण ते बोलपट इथे पुन्हा लागले तर मी बघायला जाणार नाही, आबा. मला तपासायचं नाही.