भांडेवालीचं सोंग

बाई, यंदाच्या यात्रेत भांडेवाली आली होती. तुमच्यानंतर पहिल्यांदाच. तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून गिरणी बंद करून लिहायला बसलेय. बाहेर दळणाचे डबे रांगेत ठेवलेत आणि मोटार तापलीय म्हणून सगळ्यांना खुशाल थाप मारलीय. दळण काय, संध्याकाळीही होतं.

तुम्ही आष्टीहून बदली होऊन आमच्या गावच्या शाळेवर आलात तेव्हा मी नवी नवरी होते. बाकीचे गुरुजी शाळा सुटली की एसटी गाठायचे, तुम्ही मात्र खोली घेऊन राहिलात. गावात भारूड होतं, पण बाईची सोंगंसुद्धा पुरुषच लुगडं नेसून करायचे. तुम्ही आमच्या सासूबाईंना सरळ विचारलंत, "बाईचं सोंग बाईनं कावून करू न्हाई?" सासूबाईंना उत्तर सुचेना, आणि त्यांना उत्तर न सुचणं ही गावात बातमी झाली. मग भाकऱ्या उरकून आम्ही सगळ्या तुमच्या स्वयंपाकघरात जमायला लागलो. तुम्ही चुलीजवळ बसून परातीवर ताल धरायचात, आणि एखादी बेताल झाली की पोळीचं पीठ लागल्या हातानंच तिच्या पाठीत धपाटा. मला अजून दिसतंय. मी कोपऱ्यात, पदर नाकापर्यंत, ओठ मिटून गुणगुणतेय. तुम्ही लाटणं माझ्याकडं रोखता आणि ओरडता, "तोंड उघड की गं! माशी जाईल म्हणून भ्याली का?" सगळ्या हसतात. मला असा राग येतो की मी तोंड उघडते, ते आजतागायत मिटलेलं नाही. आमच्या घरचे त्याबद्दल तुम्हाला अजून बोल लावतात.

आपल्या मंडळाची रीत तुमचीच. आमच्यातल्या निम्म्या बाया दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जायच्या, यात्रा चैत्रात. कारखाना लवकर बंद झाला तर टोळी वेळेवर परत, नाहीतर आईचं सोंग करणारी बाईच नाही. टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. तुम्ही म्हणालात, आपल्यातही एका सोंगाला एक कोयता, म्हणजे दोघींनी एकच सोंग शिकायचं. एक उसात असेल तर दुसरी उभी राहील. कारखान्यावरच्या बांबू-चटईच्या कोपीत, उसाचं वाळलं पाचट पेटवून भाकरी थापताना आमच्या बाया ओळी घोकायच्या. यात्रेच्या सकाळी टोळीचा ट्रक आला की चालत्या ट्रकातूनच कुणीतरी ओरडायचं, "बाई, मला समदं पाठ हाय!" त्या रीतीमुळं आपलं भारूड एक वर्षही चुकलं नाही.

एकाच सोंगाला जोडी नव्हती, ते तुमचं. जुन्या कपड्यांवर नवी भांडी देणारी भांडेवाली. डोक्यावर टोपलं घेऊन तुम्ही थेट लोकांत शिरायचात आणि गावाचं काय काय जुनं झालंय ते मागायचात. "सरपंच, शाळेच्या पत्र्याचा शब्द लई जुना झाला तुमचा. टाका टोपल्यात. बदल्यात हे पातेलं घ्या, गळक्या वर्गात ठेवाया व्हईल." माणसं पोट धरून हसायची, सरपंच सगळ्यात जास्त, आणि पावसाच्या आत शाळेवर पत्रे चढले. हे सगळं तुम्हाला तिथल्या तिथं सुचायचं. त्यामुळं शिकवणार काय आणि कुणाला?

दवाखान्यात जाताना ते टोपलं तुम्ही माझ्या गिरणीत आणून ठेवलंत. म्हणालात, "इथं कोरडं राहतंय." मी त्या एका वाक्याचा लई अर्थ लावत बसले. आता वाटतं, खरंच कोरडं राहावं म्हणूनच ठेवलं असेल. तुम्ही गेलात, टोपलं खुंटीला लटकलं, त्याच्यावर पिठाचे थर चढले. भारूड आम्ही चालू ठेवलं, पण भांडेवालीशिवाय. ते असं अळणी झालं की आम्ही सुरू केलं की लोक चहाला उठायचे. कुणाला दोष देऊ?

यंदा यात्रा कमिटीचा नवा अध्यक्ष गिरणीत आला. आपल्याच गल्लीतलं पोरगं, तुमच्याच हातचा मार खाल्लेलं. म्हणाला, "काकू, यंदा संध्याकाळी देवळापुढं ऑर्केस्ट्रा हाय. तुमचं भारूड दुपारी घ्या, देवळामागं." भर उन्हात, देवळामागं, जिथं चपला ठेवतात. मला कळलं, एकदा मागं गेलो की परत पुढं येणं नाही. एवढ्या वर्षांत तुम्ही आम्हाला गावापुढं उभं केलंत, आणि हे पोरगं आम्हाला चपलांत नेऊन बसवणार! मी म्हणाले, "संध्याकाळ आमचीच. ऑर्केस्ट्रा आमच्यानंतर. यंदा भांडेवाली येणार हाय." "कोण करणार?" "मी." तो टोपल्याकडं बघून म्हणाला, "बघा बरं काकू. लोक उठले तर पुढच्या सालापासून दुपारचंच."

मंडळातल्या बाया तर हादरल्याच. बाईंची सर कुणाला यायची न्हाई, म्हणाल्या. मला ते ठाऊक नव्हतं होय? तरी मी टोपलं झटकलं, तुमच्यासारखी नऊवारी नेसले, तुमच्यासारखी कमरेवर मूठ ठेवून देवळापुढं उभी राहिले आणि तुमच्याच आवाजात सुरू केलं. हसू नाही, काही नाही. मागची दोन माणसं धोतर झटकत उठली. टोपलं डोक्यावरून घसरलं, कसंबसं हातात धरलं, आणि रोज दिवसभर तोंडात असतं तेच तोंडातून निघालं, मोटारीच्या वर जाणाऱ्या आवाजात: "कुणाचं दळण हाय रं? नंबर लावा!"

मग बाई, असा हशा उठला! उठलेली दोन माणसं बसली. मी टोपलं खाली ठेवलं, त्यात हात घातला आणि म्हणाले, "हे कुणाचं? अध्यक्षांचं! बायकांना देवळामागं बसवायचा इचार. लई जाडंभरडं हाय, बारीक दळावं लागंल." अध्यक्ष तोंड लपवायला लागला, त्याची आईच त्याला पुढं ढकलत होती. मग मी थांबलेच नाही. टँकरवाल्याचा खोटेपणा दळला, हुंड्याची बोलणी दळली, माझ्या नवऱ्याचा आळसही दळला. ऑर्केस्ट्रावाले वाद्यं मांडायची सोडून टाळ्या पिटत होते. अध्यक्षानं तिथंच जाहीर केलं की पुढच्या सालीही संध्याकाळ बायकांचीच.

आता या सोंगाला कोयता हवा. अध्यक्षाची बायको कालपासून गिरणीत येतेय, पदर नाकापर्यंत, ओठ मिटून. तिला भांडेवाली शिकवू की दळणवाली, म्हणून मी तिलाच विचारलं. ती हळूच म्हणाली, "मला शिलाई येतीया." म्हटलं, मग सोंगही त्याचंच, कात्री घेऊन ये.

कागदं टोपल्यात ठेवून देते, तिथं कोरडी राहतील. एक गोष्ट मात्र राहिली. त्या संध्याकाळी भेटेल तो म्हणत होता, बाईंची लई आठवण आली. मीही मान हलवली. पण खरं सांगू? तुमच्याच जागी उभी होते, तुमचंच टोपलं पुढ्यात होतं, आणि एकदा तोंड उघडल्यावर शेवटपर्यंत मला तुमची आठवण एकदाही आली नाही.